मनूच्या होडीत कोण होतं?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला माणूस. दिवसा गोदीत माल चढवतो-उतरवतो, रात्री कविता लिहितो. संस्कृत येत नाही, भाषांतरं वाचली. पण जहाज, पाणी आणि वजन ह्या तीन गोष्टींत मला कुणी सहज गंडवू शकत नाही. म्हणून आज मनूच्या होडीवर बोलतो. हल्ली छातीठोक सांगतात की प्रलय खरोखर झाला होता, अक्षरशः, पोथीत आहे तसाच. बघूया.

आधी गोष्ट. शतपथ ब्राह्मणात आहे ती अशी. मनू सकाळी हात धूत होता. हातात एक बारका मासा आला. म्हणाला, मला पोस, मी तुला पुरातून तारीन. मनूनं त्याला मडक्यात ठेवला, मग खड्ड्यात, मोठा झाल्यावर समुद्रात सोडला. पूर आला तेव्हा मनूनं होडी माशाच्या शिंगाला बांधली. माशानं ती उत्तरेच्या डोंगराकडे नेली. बाकी सगळी प्रजा वाहून गेली. एकटा मनू उरला. त्यानं पाण्यात तूप-दही अर्पण केलं, वर्षभरात त्यातून एक बाई निघाली. तिचं नाव इडा. तिच्यापासून पुढची माणसं.

आता गंमत बघा. इथं मासा म्हणजे नुसता मासा. महाभारताच्या वनपर्वात तोच म्हणतो, मी ब्रह्मा. होडीतही गर्दी होते, सात ऋषी आणि सगळी बियाणं. मत्स्यपुराणात मासा विष्णू होतो. गोदीत एक पोतं फाटलं तर बातमी गेटपर्यंत जाईस्तोवर दहा फाटलेली असतात. मासाही तसाच पोथीगणिक वाढला.

आता पाण्याचा हिशेब करू. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसला पाऊस सगळ्या पृथ्वीवर रोज, न थांबता पडला, तर हिमालयाचं सर्वात उंच टोक, ८,८४९ मीटर, बुडायला पंचवीस वर्षांहून जास्त लागतील. आणि एवढं पाणी आणायचं कुठून? हवेतली सगळी वाफ एकदम कोसळली तरी जगभर सरासरी २५ मिलिमीटर पाणी होईल. एक इंच! जगातला सगळा बर्फ वितळला तर समुद्र साधारण ६५ ते ७० मीटर चढेल. त्यात मुंबईचा बराच भाग जाईल, पण पुणं कोरडं राहील. कुणी म्हणेल, शतपथात डोंगर बुडाले असं कुठाय? नसेल. पण डोंगर उघडे राहिले तर डोंगरावरची माणसंही जगली. मग ‘सगळी प्रजा वाहून गेली’ हे खोटं पडतं.

मग सगळी थापच का? तसंही नाही. १८७२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथनं निनवेची मातीची वीट वाचली. तिच्यावर पूर, होडी, सोडलेले पक्षी, सगळं होतं. बायबलातल्या नोहाच्या गोष्टीची ही जुनी बहीण. १९२९ साली लिओनार्ड वूलीला इराकात ऊरला पुराच्या गाळाचा जाड थर सापडला. किश आणि शुरुप्पकलाही थर निघाले, पण ते एकाच काळचे नव्हते. म्हणजे एक महापूर नव्हे, वेगवेगळे पूर. मोहेंजोदडोतही गाळ साचला आणि लोकांनी त्याच जागी पुन्हा घरं बांधली. पूर खरा होता. माणसं मेली तीही खरी. २००५ ला मिठी नदीनं ज्याची झोपडी नेली त्याला विचारा. तो म्हणेल, सगळं जग बुडालं. तो खोटं बोलत नाही. पण त्याच्या बोलण्यावरून भूगोल लिहायचा नसतो.

तुम्ही म्हणाल, मासा खरा का खोटा, आपल्याला काय करायचंय? करायचंय! कारण मनू हे नाव आपल्या मानगुटीवर बसलंय. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या सत्याग्रहात मनुस्मृती जाळली. तरी १९८९ साली जयपूरच्या हायकोर्टाच्या आवारात मनूचा पुतळा उभा राहिलाच.

पंडित म्हणतील, तो मनू वेगळा. बरोबर. पुराणांत चौदा मनू आहेत. स्मृती पहिल्याच्या नावावर, स्वायंभुवाच्या. पुरातला सातवा, वैवस्वत. ठीक, त्यांच्याच हिशेबानं जाऊ. पहिल्या मनूच्या स्मृतीत तोंडातून, बाहूंतून, मांडीतून, पायांतून चार वर्ण निघाले. मग सातव्याच्या वेळी पूर आला आणि सगळी प्रजा वाहून गेली. म्हणजे तोंडवालेही गेले, पायवालेही गेले. उरला एक मनू आणि पाण्यातून आलेली इडा. एक बाप, एक आई. आता सांगा, शूद्र कुठल्या होडीतून आला? अस्पृश्य कुणी पोहून आणला?

पूर अक्षरशः खरा म्हणणाऱ्यानं तो शेवटपर्यंत खरा मानावा. आपण सगळे एका आईची लेकरं, जात बुडाली, हे लिहून द्यावं. आणि गोष्ट खोटी असेल तर मनूचं नाव घेऊन कुणी आम्हाला पायरी दाखवू नये. दोन्ही डगरींवर हात ठेवता येणार नाही.

शेवटचं एक. महाभारतातल्या त्या होडीत बियाणं होतं, सात ऋषी होते. पेरायला एक शेतकरी नव्हता, फळी ठोकायला सुतार नव्हता, ओझं उतरवायला आमच्यातला कुणी नव्हता. असली होडी मी किनाऱ्याला लागलेली पाहिलेली नाही. ती फक्त पोथीतच तरंगते.

जय भीम.