लादी निवडण्याआधी

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या आवारात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटीतले सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे जिन्यावर बसलेली आमची तरुण मंडळी,

सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विषयही त्यांचाच : घराच्या दुरुस्तीची तयारी. कारण उघड आहे. इमारत २५ वर्षांची झाली आणि दिवाळीपासून रोज कुठल्या ना कुठल्या मजल्यावर ब्रेकर घरघरतोय. मी नोकरीभर बांधकामाच्या साइटवर होतो, म्हणून मला उभं केलं असावं. पण माझी खरी पात्रता वेगळी आहे. हे काम मी स्वतःच्या घरी एकदा पुरतं बिघडवलेलं आहे.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही बाथरूम नवं केलं. टाइल्ससाठी हिच्याबरोबर तीन रविवार दुकानं पालथी घातली. जुना कोबा उखडल्यावर खाली वॉटरप्रूफिंग कसं करायचं, यावर मात्र ठेकेदाराशी तीन मिनिटंही बोललो नाही. लोकांच्या स्लॅबवर पाणी साठवून चाचणी घेणारा मी, माझ्याच घरी ती घ्यायची राहिली. दोन महिन्यांत खालच्या वहिनींच्या छताला ओल आली, मग पोपडे. गणपतीत आरतीला गेलो, तर मखराच्या वर प्लास्टिकचा कागद ताणून बांधलेला. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. प्रसाद हातावर ठेवला, बस्स. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळं पुन्हा फोडलं, पैसे दुप्पट गेले, आणि पूर्वीसारखं येणंजाणं सुरू व्हायला वर्ष लागलं.

म्हणून पहिली गोष्ट. वॉटरप्रूफिंग झालं की लादी बसवायच्या आधी नहाणी ट्रॅप घट्ट बंद करा, पाणी भरा, भिंतीवर पातळीची खूण करा आणि ४८ तास थांबा. मिस्त्री म्हणेल, ‘साहेब, दोन दिवस फुकट जातील.’ जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी खालच्या घरी जाऊन छत बघा. त्याहून चांगलं म्हणजे खालच्यांनाच वर बोलवून ते पाणी दाखवा. चहा झालाच पाहिजे.

आता फोडण्याबद्दल. हॉल मोठा करायचा म्हणून भिंत काढायची असते. नुसती विटांची भिंत आहे का, तिच्यात कॉलम लपलाय का, वर बीम कुठून जातो, हे वाजवून कळत नाही. ‘आम्ही शंभर ठिकाणी काढलीय’ असं सांगणाऱ्याला तर अजिबात कळत नाही. घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली साईसिद्धी इमारत आठवते ना? २५ जुलै २०१७. चार मजली इमारत सकाळी कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर दुरुस्तीचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावला, असा रहिवाशांचा आरोप होता. गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी आपल्या घरात एक खिळाही ठोकला नसेल.

रंग, प्लास्टर, लाद्या बदलणं ही साधी दुरुस्ती. कॉलम, बीम, स्लॅब यांना हात लागणार असेल तर आधी कमिटीची लेखी परवानगी, इंजिनिअरचा कागद आणि महापालिकेची मंजुरी, मगच हातोडा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. म्हणजे तुमच्या घराची माहिती बऱ्याच अंशी तयारच असते. ऑफिसात जाऊन ती वाचायची तेवढी.

जुन्या लादीवरच नवी लादी बसवायचा सोपा मार्ग हल्ली बरेच जण घेतात. जरा हिशेब करा. दोन इंची मसाला आणि वर लादी, म्हणजे एका चौरस मीटरला साधारण १२० किलो. राहत्या घरात माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला २०० किलो धरून स्लॅबचा हिशेब केलेला असतो. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा तुम्ही लादीलाच देऊन टाकलात. एका घराने केलं तर कदाचित निभेल. सातही मजल्यांनी केलं तर?

आपल्या मढची गोष्ट आणखी वेगळी. वर्सोव्याहून बोटीने येताना ओठांना जी खारट चव लागते, ती सळईलाही लागते. लोखंड गंजलं की फुगतं आणि आतून काँक्रीट फोडतं. छताची चीर सळईच्या रेषेने सरळ चालली असेल तर ती प्लास्टरची चीर नव्हे. तिच्यावर पुट्टी भरून रंग देणं म्हणजे ताप असताना तोंडाला पावडर लावणं. सैल काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लावून मगच भरायचं. आणि हे रंगाऱ्याचं काम नाही. मसाल्याला विहिरीचं मचूळ पाणी वापरू देऊ नका. ग्रिल स्टीलची हवी तर ३१६ नंबरची घ्या. महाग पडते, पण ३०४ वर इथे लवकर डाग येतात.

आपल्या कोळीवाड्यात बघा. १ जूनला मासेमारी बंद झाली की बोटी वर ओढतात. आधी बूड तपासतात, फटी बुजवतात, रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडतो. आम्ही शिकलेले लोक रंगाच्या कार्डापासून सुरुवात करतो.

बाकीचं भरभर सांगतो. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असताना ब्रेकर नको. मजल्यावर कोण आजारी आहे, कुणाकडे तान्हं बाळ आहे, ते विचारून तारीख ठरवा. वायरिंग आपल्या इमारतीइतकंच जुनं आहे, भिंत उघडीच आहे तर तेही बदलून घ्या. डेब्रिजची सोय काम सुरू करण्याआधी करा. ठेकेदाराचा टेम्पो रात्री खाडीकडच्या तिवरांत रिकामा झाला तर भरतीचं पाणी आपल्याच दारात येणार आहे, शिवाय तो गुन्हा आहे. अंदाजपत्रकावर पंधरा-वीस टक्के वेगळे ठेवा. आणि ठेकेदाराचे दहा टक्के पहिला जोराचा पाऊस होऊन जाईपर्यंत हातात राहू द्या. तो कुरकुरेल. माझाही कुरकुरला असता, पण मी सगळे देऊन बसलो होतो.

इमारतीचे मूळ नकाशे ऑफिसच्या लोखंडी कपाटात आहेत, वरच्या खणात. कॉलम-बीम कुठे आहेत ते त्यात स्पष्ट दिसतं. दर रविवारी दहा ते बारा मी तिथे बसणार आहे, फी नाही. येताना घराची मापं लिहून आणा. आणि शक्य असेल तर खालच्या मजल्यावरच्यांनाही बरोबर घेऊन या.