टाकाची फेक : व्यंगचित्रकार शं. वा. किर्लोस्कर

व्यंगचित्र म्हटले म्हणजे राजकारणी पुरुषांची चेष्टा, अशी पुष्कळांची समजूत असते. ती होण्यास कारणही आहे. लंडन शहरी 1841 साली ‘पंच’ हे साप्ताहिक निघाले. त्याचे अनुकरण करून लखनौस ‘अवध पंच’ व मुंबईस ‘हिंदी पंच’ ही पत्रे निघाली. आणि मुख्य प्रधान, व्हाइसरॉय व पुढारी हीच व्यंगचित्राची पात्रे ठरून गेली. महाराष्ट्रात मात्र एका चित्रकाराने आपला टाक दरबाराकडे न वळविता घरातील माजघराकडे वळविला. सोलापुरात 8 ऑक्टोबर 1891 रोजी जन्मलेले शंकर वासुदेव किर्लोस्कर, वाचकांचे ‘शंवाकि’, हे ते चित्रकार होत.

त्याच 1891 साली न्यूझीलंडमध्ये डेव्हिड लो जन्मास आला. 1919 साली तो लंडनला आला आणि पुढे विलायतेतील सर्वांत प्रख्यात राजकीय व्यंगचित्रकार ठरला. दोघेही समवयस्क, दोघांचे हत्यारही एकच. परंतु शंकररावांची वाट निराळी होती, आणि ती कशी निराळी झाली हे पाहण्याजोगे आहे.

शंकररावांना व्हावयाचे होते चित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले. पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून विख्यात झालेले पंडित सातवळेकर त्या काळी लाहोरास चित्रकलेचा व्यवसाय करीत असत. त्यांच्यापाशीही शंकरराव जाऊन राहिले. इतकी तयारी करून हा तरुण आला तो कोठे? नांगराच्या कारखान्यात! त्यांचे चुलते लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1910 साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसविली होती. लक्ष्मणरावांनीही तारुण्यात जे. जे. कलाशाळा गाठली होती. परंतु काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसत, म्हणून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. चुलत्याने रंग सोडले ते नाइलाजाने. पुतण्याची दृष्टी मात्र निर्दोष होती. त्याने विक्री व जाहिरात या खात्यांचे काम पत्करले, तेव्हा एक चित्रकार वाया गेला, असे कोणी म्हटले असते तर त्यात नवल नव्हते.

पण वस्तुस्थिती उलट झाली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची भीती होती. अशा गिऱ्हाइकापुढे छायाप्रकाशाचे नाजूक खेळ काय कामाचे? तेथे थोडक्यात सांगावयाचे, एकच गोष्ट सांगावयाची, आणि ज्याचा विश्वास नाही त्याला पटवून द्यावयाचे, हाच धर्म. जाहिरातीचे हे व्रत आणि व्यंगचित्राचे व्रत यांत फारसे अंतर नाही. जे शिक्षण कलाशाळेत मिळाले नव्हते ते शंकररावांना माळावरच्या कचेरीत मिळाले.

1920 साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. आरंभी ते कारखान्याचे वार्तापत्र होते. हळूहळू नांगर आणि पंप मागे पडून त्यात समाजाचे प्रश्न आले. 1929 साली ‘खबर’ हा शब्द गळून ‘किर्लोस्कर’ एवढेच नाव उरले. 1930 साली ‘स्त्री’ व 1934 साली ‘मनोहर’ ही मासिके निघाली. ‘टाकांच्या फेकी’ या नावाने शंकररावांची व्यंगचित्रे वाचकांपुढे आली. लोखंडाविषयीच्या भोळ्या भीतीशी झुंजलेला हात आता बुवाबाजी, अंधश्रद्धा, अस्पृश्यता आणि स्त्रियांना जखडणाऱ्या रूढी यांवर चालू लागला.

यातले धाडस लक्षात घेतले पाहिजे. डेव्हिड लो ज्यांची टर उडवी ते सत्ताधारी होते. वाचक त्यांना दुरून हसे. शंकररावांचे पात्र म्हणजे खुद्द वर्गणीदार, त्याची पत्रिका, त्याचे सोवळे, त्याचे गुरुमहाराज. ज्याच्या पैशावर मासिक चालावयाचे त्यालाच आरसा दाखवावयाचा! शिवाय लेख वाचावयाचा की नाही हे यजमान ठरवी; चित्र मात्र अंक उघडताच सासूला, सुनेला आणि अक्षरे नुकतीच गिरवू लागलेल्या मुलालाही दिसे. संपादक, व्यवस्थापक आणि व्यंगचित्रकार एकच असल्यामुळे रोष आला तर तो दुसऱ्यावर ढकलण्याची सोय नव्हती. त्यांच्या विनोदातील निर्भयता या जबाबदारीतून आलेली आहे.

या कलेला मर्यादाही होती. शंकरराव प्रथम सुधारक आणि मग विनोदकार. चित्राने जे सांगितले ते मजकुराने पुन्हा सांगावे, वाचकाच्या हाती तात्पर्य ठेवूनच त्याला निरोप द्यावा, असा त्यांचा ओढा. पुढच्या पिढीने हे ओझे उतरविले. शि. द. फडणीस यांचे पहिले हास्यचित्र 1940च्या दशकात शंकररावांच्याच ‘मनोहर’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या फडणिसांनी पुढे शब्दावाचून हसविणारी चित्रे काढून मराठी माणसाला निर्भेळ हास्याची गोडी लावली. परंतु चित्र पाहून स्वतःलाच हसावयास शिकलेला वाचक त्यांना आयता मिळाला, आणि तो तयार करण्याचे श्रम आधीच्यांचे होते.

1974 साली ‘शंवाकिय’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि 1 जानेवारी 1975 रोजी त्यांचे निधन झाले. कलाशाळेतून निघालेल्या तरुणाने रंगाची पेटी मिटून शाईची दौत उघडली, हा त्याच्या कलेचा तोटा होता काय? एखादे उत्तम तैलचित्र दिवाणखान्याच्या भिंतीवर राहिले असते. शंकररावांची रेघ त्या दिवाणखान्यातून माजघरात गेली, आणि तेथे बसलेल्या माणसांना आपल्याच घराकडे नव्याने पाहावयास लावून आली. चित्रकाराला याहून मोठी भिंत कोठे मिळावयाची?