घोडनदीच्या काठचा जुना दुष्काळ



पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. तिथलं पांढरीचं टेकाड डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी १९६८पासून पुढची दीड दशकं उकरलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव त्याखाली निघालं.

हा भाग तेव्हाही पर्जन्यछायेतलाच. म्हणून गावकऱ्यांनी नदीचं पुराचं पाणी वळवायला चार मीटर रुंदीचा पाट खणला, बांध घातला. जव, गहू, मसूर पिकवले. गावप्रमुखाच्या घराशेजारी धान्याचं कोठार होतं. इ. स. पूर्व १०००च्या सुमारास मात्र चित्र पालटलं. ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. गहू कमी झाला, शिकार वाढली. हवामान कोरडं झालं, हे ढवळीकरांचं मत. एवढंच कारण काही अभ्यासकांना पुरेसं वाटत नाही, आणि तो वाद रास्त आहे. पण ओढगस्त आली होती, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

तिचा पुरावा मुलांच्या हाडांत आहे. मूल दगावलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवायचे आणि घराच्या जमिनीतच पुरायचे. दातांवरून वय कळतं, मांडीच्या हाडावरून वाढ कळते. दोन्ही ताडून पाहिलं, तेव्हा शेवटच्या काळातली मुलं वयाच्या मानानं खुरटलेली निघाली. पाट होता, कोठार होतं, तरीही. कोठारातलं धान्य कुणाच्या ताटात किती पडलं, हे पाटाच्या रुंदीवरून कळत नाही. मला इनामगावचं मोल वाटतं ते यासाठी.

आज त्याच नदीवर धरण आहे आणि काठावर ऊस उभा आहे. दुष्काळ जाहीर करताना आपण पाऊस मोजतो, पिकांची स्थिती तपासतो, टँकरच्या खेपा मोजतो. अंगणवाडीच्या वहीत दर महिन्याला मुलांची वजनं लिहिली जातात, ती मात्र या हिशेबात क्वचितच दिसतात. तालुका दुष्काळी ठरवणाऱ्या बैठकीत पिकांच्या कागदाशेजारी ती वहीही उघडली जावी, अशी माझी मागणी आहे. पाऊस हुकल्यानंतरच्या दोन वर्षांतले आकडे तरी नक्की पाहावेत, कारण मुलांची वाढ खुंटते ती पीक गेल्यानंतर, हळूहळू.