खाऱ्या पाण्यातील चपळ मासे : टाकी केवढी घ्यावी?

(रेडिओवरील शेतकरी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते : कृषी विस्तार अधिकारी, कल्याण)



आपल्या ठाणे जिल्ह्यातील भातशेती मुख्यतः पावसावरची. भात खळ्यावर आला की हाताला दुसरे काम हवे असते. कोणी कोंबड्या पाळतो, कोणी भाजीपाला करतो. अलीकडे कल्याण, मुरबाड, अंबरनाथ भागातील काही तरुण शोभेच्या माशांकडे वळले आहेत. ठाणे, डोंबिवली, कल्याण या शहरांतील दवाखाने, हॉटेले आणि घरे येथे टाक्या बसवून द्यायच्या आणि महिन्याच्या ठरावीक पैशांवर सांभाळायच्या, असा हा जोडधंदा आहे. गोड्या पाण्यातील गप्पी, मोली, गोल्डफिश यांत हात बसला की गिऱ्हाईकच म्हणते, "आम्हाला समुद्रातले रंगीत मासे हवेत." आणि इथेच पुष्कळांचे नुकसान होते. म्हणून आज आपण एकाच गोष्टीचा विचार करू. खाऱ्या पाण्यातील चपळ माशांसाठी टाकी केवढी असावी?

मुळात एक गोष्ट लक्षात घ्या. गोठा बांधताना आपण वासराचे माप घेतो का? नाही. उद्या त्याचा बैल होणार, तो उभा राहील, बसेल, वळेल, हे धरून आपण जागा सोडतो. माशाचेही तसेच आहे. दुकानात मासा दिसतो दोन इंचाचा, पण टाकी घ्यायची ती त्याच्या पूर्ण वाढीच्या मापाने.

"लहान टाकीत मासा टाकीपुरताच वाढतो" असे काही जण सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नका. लहान टाकीत वाढ खुंटते ती खराब पाण्याने आणि ताणाने. असा मासा रोगट होतो आणि लवकर मरतो.

चपळ मासा म्हणजे कोणता?

समुद्री माशांचे स्वभाव वेगवेगळे असतात. क्लाउन मासा, ज्याला २००३ सालच्या चित्रपटापासून मुले 'निमो' म्हणतात, तो एका जागी रमणारा. समुद्रात तो आपल्या अ‍ॅनिमोनीच्या आसपासच राहतो. त्याच चित्रपटातील निळी 'डोरी' म्हणजे ब्लू टँग. हा मात्र भटक्या. टँग जातीचे मासे दिवसभर प्रवाळाच्या खडकांवरून पोहत शेवाळ खरवडून खातात. पोहणे हाच त्यांचा चरण्याचा मार्ग. गिऱ्हाईक दोन्ही मासे एकाच दोन फुटी टाकीत मागते. निमो तिथे निभावून नेईल, डोरी नेणार नाही. ब्लू टँगची पूर्ण वाढ सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट. दोन फुटांच्या टाकीत एक फुटाचा मासा पोहणार कुठे आणि वळणार कसा? तो काचेला लागून येरझारा घालतो, बुजतो, खाणे सोडतो. मग अंगावर पांढरे ठिपके येतात आणि दुसऱ्या माशांनाही रोग लागतो.

लांबीचा सोपा हिशेब

माशाच्या पूर्ण वाढीच्या लांबीला सहाने गुणा. टाकीची लांबी निदान तेवढी हवी. लहान पण थव्याने पोहणाऱ्या किंवा जागेवरून भांडणाऱ्या माशांसाठी बाराने गुणा. हा काही अचूक नियम नव्हे, पण खरेदीच्या वेळी उपयोगी पडणारा अंदाज आहे. त्याप्रमाणे :

१) क्लाउन : पूर्ण वाढ ८ ते १० सें.मी. टाकी २ ते अडीच फूट. एक जोडी ठेवावी.
२) डॅमसेल आणि हिरवे क्रोमिस : ८ सें.मी.च्या आसपास. टाकी ३ फूट. क्रोमिसचा थवा ठेवायचा असेल तर ४ फूट.
३) यलो टँग : २० सें.मी. टाकी निदान ४ फूट, शक्यतो ५ फूट.
४) मून रास : २५ सें.मी. टाकी निदान ५ फूट. हा मासा अतिशय चपळ आहे आणि उडी मारतो. झाकण किंवा जाळी हवीच.
५) ब्लू टँग व पावडर ब्लू टँग : पहिला ३० सें.मी., दुसरा त्याहून थोडा लहान. दोघांनाही ६ फुटांची टाकी. पावडर ब्लूला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग चटकन लागतो. नवशिक्याने तो घेऊच नये.

गोल्डन ट्रेव्हॅली आणि बॅटफिश यांची पिल्लेही विकायला येतात. ट्रेव्हॅली हाताएवढा लांब होतो आणि बॅटफिशही दीड फुटावर जातो. हे मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयाचे मासे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. तिथे मोठे मासे मोठ्या टाक्यांत पाहिलेले लोक पुष्कळ आहेत. ते पाहून घरी तसे मासे आणण्याची हौस होते, पण तेवढी टाकी घरी आणता येत नाही.

उंच टाकी नको, लांब घ्या

आता एक हिशेब बघा. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे ९ घनफूट. दुसरी टाकी २ फूट लांब, दीड फूट रुंद आणि ३ फूट उंच. तीही ९ घनफूटच. दोन्हींत पाणी सारखेच, सुमारे २५५ लिटर. पण पहिलीत माशाला पळायला ४ फूट मिळतात, दुसरीत २ फूटच. पहिलीत हवेला लागणारा पाण्याचा पृष्ठभाग ६ चौरस फूट, दुसरीत ३. प्राणवायू पाण्यात शिरतो तो मुख्यतः पृष्ठभागातून. त्यामुळे कोपऱ्यात शोभणारी उंच टाकी चपळ माशांना दोन्ही बाजूंनी वाईट. शिवाय पाण्याचा दाब उंचीबरोबर वाढतो. दीड फूट उंचीच्या ४ फुटी टाकीला १० मिलिमीटरची काच चांगली, २ फूट उंचीला १२ मिलिमीटरची हवी.

खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी

गोड्या पाण्याचा अनुभव इथे जसाच्या तसा लावू नका. २८ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७.८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.४ मिलिग्रॅम. पाणी तापले की दोन्हीकडे आणखी कमी होतो. चपळ माशाला तर प्राणवायू जास्तच लागतो.

"एक इंच माशाला एक गॅलन" हा जुना हिशेबही सोडून द्या. मासा लांबीने दुप्पट झाला की वजनाने जवळजवळ आठपट होतो. खाणे, विष्ठा आणि अमोनिया त्या मानाने वाढतात. दहा इंची एक मासा म्हणजे एक इंची दहा मासे नव्हेत.

एप्रिल-मे महिन्यांत डोंबिवलीच्या पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत लहान टाकी दुपारपर्यंत ३० अंशांपुढे जाते. मोठी टाकी सावकाश तापते. पाणी २५ ते २८ अंशांत ठेवावे. पृष्ठभागावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश फरक पडतो. मात्र वाफ होऊन जाते ते पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून घट भरून काढताना बिनमिठाचे पाणी घाला. देखभालीसाठी वीज दिवसभर बंद राहते तेव्हा बॅटरीवर चालणारा हवापंप जवळ असावा.

वजन आणि मीठ

टाकीत वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा धरली की पाणी पाचव्या हिश्शाने कमी भरते. ४ फुटी टाकीत सुमारे २१० लिटर पाणी राहील. त्याला लिटरमागे ३६ ग्रॅम धरून साडेसात किलो समुद्री मीठ लागेल. पुढे पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे, म्हणजे दर वेळी पाऊण किलो. ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच टाकीला सुरुवातीलाच २० किलो मीठ आणि पंधरवड्याला २ किलो. हा चालू खर्च गिऱ्हाइकाला आधी सांगा. खाण्याचे मीठ चालत नाही. ठाण्याच्या खाडीचे पाणीही वापरू नये, त्यात शहरांचे सांडपाणी येते आणि पावसाळ्यात खारटपणा घटतो.

काच, दगड, स्टँड धरून ४ फुटी टाकी सुमारे साडेतीनशे किलो भरते. ६ फुटी टाकी पाऊण टनाच्या पुढे जाते. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात. ही टाकी तेवढ्याच जागेवर त्याच्या तिप्पट-चौपट भार टाकते. म्हणून टाकी खोलीच्या मध्यावर नको, भिंतीलगत तुळईच्या जवळ हवी. मोठ्या टाकीला इंजिनिअरचा सल्ला घ्या. पालिकेने धोकादायक ठरवलेल्या जुन्या इमारतीत तर मोठ्या टाकीचे काम घेऊच नका. पैसे सोडा, पण माणसे जपा.

मग लहान जागा असलेल्याने काय करावे?

त्याने लहान टाकीचे मासे निवडावेत. तीन फुटी टाकीत क्लाउनची एक जोडी आणि एक-दोन शांत गोबी छान राहतात. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनच्या पैदाशीचे तंत्र आपल्या देशात बसवले आहे. तेव्हा दुकानदाराला विचारून पैदाशीचाच मासा घ्या. तो टाकीला सरावलेला असतो आणि समुद्रातील साठाही वाचतो. समुद्री घोडा आणि जिवंत प्रवाळ यांना मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. समुद्रातून काढलेले असे जीव घेणे-विकणे गुन्हा आहे. कोणी स्वस्तात देऊ केले तरी हात लावू नका.

गिऱ्हाईक हट्ट धरील की दोन फुटी टाकीत ब्लू टँगच हवा. अशा वेळी स्पष्ट नाही म्हणा. मासा महिन्या-दोन महिन्यांत मेला तर दोष तुमच्यावर येतो, आणि एका दवाखान्यात मेलेला मासा शेजारच्या दहा दुकानांतील काम घालवतो.

टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे थांबा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच मासे सोडा, तेही एकदम न सोडता थोडे थोडे. टँग सर्वांत शेवटी.

आता सारांश. एक, पूर्ण वाढीचे माप विचारा. दोन, त्याला सहाने किंवा बाराने गुणा. तीन, उंचीपेक्षा लांबी-रुंदी बघा. चार, वजन आणि मिठाचा खर्च मांडा. पाच, जागा बसत नसेल तर मासा बदला.

ज्यांना पैदास किंवा संगोपन शिकायचे आहे त्यांनी वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत प्रशिक्षणाची चौकशी करावी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा समावेश होता. आज कोणती मदत मिळते ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावे. जाताना जागेचे माप, पाण्याची सोय आणि विजेची स्थिती कागदावर लिहून न्या, म्हणजे सल्ला नेमका मिळेल.