शर्यतीचे मैदान कोणाचे?

(नागापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घोड्यांच्या शर्यती हा विषय नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतील श्रमिकांपुढे मांडला जावा, याचे अनेकांना आश्चर्य वाटेल. शर्यत म्हणजे जुगार, आणि जुगार म्हणजे धनिकांचा चाळा. तो महागला तर समाजवाद्यांचे काय बिघडले, असा प्रश्न विचारला जाईल. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर देताना शर्यत पाहणे आणि शर्यतीवर पैसे लावणे या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. धावत्या जनावराची ओढ ही काही श्रीमंतांची मिरासदारी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली थांबविलेल्या आणि २०२३ च्या मे महिन्यातील निकालाने कायम मार्ग मोकळा झालेल्या बैलगाडा शर्यतींना पारनेर, संगमनेरच्या माळावर लोटणारी गर्दी याची साक्ष देते.

पुण्याला पावसाळ्यात आणि मुंबईत महालक्ष्मीला हिवाळ्यापासून घोड्यांच्या शर्यतींचा मोसम असतो. नागापूरच्या कामगाराने पुण्याला जायचे म्हटले तर सुमारे सव्वाशे किलोमीटरचा प्रवास. एस.टी.ची भाडी २०२५ च्या जानेवारीत जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढली. भाडे, प्रवेश, शर्यतीचे पुस्तक, चहापाणी आणि बुडालेला रोज यांची बेरीज केली की हौस परवडेनाशी होते. त्यावर पणाचा कर आहे. वस्तू व सेवा कराचा शर्यतीवरील दर सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून ४० टक्के झाला. हा कर क्लबच्या कमिशनवर बसत नाही, पणाच्या संपूर्ण दर्शनी मूल्यावर बसतो. म्हणजे १०० रुपयांच्या पणामागे ४० रुपये. जिंको वा हरो. लक्षाधीशाला आणि रोजंदारीवाल्याला दर एकच. अर्थशास्त्रात अशा कराचा भार कोणावर पडतो, हे वेगळे सांगावयास नको.

जुगार महाग केला की सुटतो, असा यामागील युक्तिवाद आहे. हेतू चांगला असेल, पण अनुभव निराळा आहे. येथली शर्यत महागली की श्रीमंत शौकीन विमानाने दुबईला किंवा हाँगकाँगला जातो. सामान्य माणसाचा परदेश मात्र त्याच्या खिशातील मोबाइलमध्ये असतो. परदेशातून चालणारी बेकायदा सट्ट्याची दुकाने सरकारला कर देत नाहीत आणि फसवणूक झाली तर दाद मागण्यास जागाही ठेवत नाहीत. तेथे घोडा नाही, मैदान नाही, सोबतीला मित्र नाहीत. उरतो तो केवळ आकडा. करमणूक संपते आणि व्यसन शिल्लक राहते.

ब्रिटनला हा धडा पूर्वीच मिळाला. पणावरील कर चुकविण्यासाठी तेथील बड्या सट्टेवाल्यांनी जिब्राल्टर गाठले, तेव्हा २००१ साली सरकारने तो कर काढून त्यांच्या ढोबळ नफ्यावर १५ टक्के कर बसविला. कराचा बोजा खेळणाऱ्याकडून खेळविणाऱ्याकडे सरकला.

परदेशाकडून घेण्यासारखे आणखीही आहे. १९९६ साली सुरू झालेला दुबई विश्वचषक पैजेला बंदी असतानाच जगप्रसिद्ध झाला; शर्यत जुगारावाचून जगू शकते, हे त्याने दाखविले. मॉरिशसमध्ये पोर्ट लुईच्या ‘शाँ द मार्स’ मैदानावर १८१२ पासून शर्यती झाल्या. धावपट्टीच्या आतील पटांगणात बिनतिकीट उभे राहून शर्यत पाहण्याची तेथे परंपरा पडली. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी १८३४ नंतर त्या बेटावर गेलेल्या मजुरांत कोकणातील मराठी माणसेही होती. वसाहतवाल्यांच्या हौसेसाठी आखलेल्या याच मैदानावर १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र मॉरिशसचा ध्वज चढला. मैदान जनतेचे होते ते असे.

आता महालक्ष्मीकडे पाहा. सुमारे २११ एकरांची ही सार्वजनिक जमीन १९१४ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने क्लबकडे गेली. पट्टा २०१३ साली संपला. २०२४ मध्ये १२० एकर महापालिकेच्या उद्यानाकडे आणि ९१ एकर क्लबकडे, अशी वाटणी ठरली. या जमिनीची वाटणी होताना एकरांची पुष्कळ चर्चा झाली; ज्याच्या मालकीची ती जमीन आहे, त्या नागरिकाला शर्यतीच्या फाटकातून किती पैशांत आत जाता येईल, हा प्रश्न मात्र पुढे आला नाही. भल्या पहाटेपासून घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराचे काय, हेही कोणी विचारले नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. सार्वजनिक जमिनीवर शर्यती भरवावयाच्या असतील, तर मैदानाचा एक भाग जनतेला विनामूल्य खुला राहावा. कर पणावर न बसता क्लबच्या कमिशनवर आणि धनिकांच्या खास आसनांवर बसावा. मोतद्दारांना कायम नोकरी आणि निवृत्तिवेतन मिळावे. शर्यत पाहावी की न पाहावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण जनतेच्या जमिनीचे फाटक जनतेलाच महाग व्हावे, हे लोकशाहीत चालू देता कामा नये.