घाटाखालचा भूपट्ट

कर्जत-खालापूरच्या शाळांतून आलेल्या भूगोल शिक्षक मित्रमैत्रिणींनो, तुम्ही मला अध्यक्षपदाचा मान दिलात. प्रथेप्रमाणे मी वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यायला हवा. छापील अहवाल तुमच्या हाती आहे, तो सवडीनं वाचाल. नोकरीत असताना जे बोलता आलं नाही, ते मी आज बोलणार आहे.

सकाळच्या सत्रात पुढच्या महाखंडावर चांगला वाद रंगला. अटलांटिक मिटून भूवैज्ञानिक स्कोटीज म्हणतात तसा ‘पँजिया अल्टिमा’ होईल, की अमेरिका आणि आशिया जोडले जाऊन ‘अमेशिया’? वीस-पंचवीस कोटी वर्षांनंतरचे रंगीत नकाशे पडद्यावर आले, टाळ्या झाल्या. पण त्या नकाशांत कर्जत कुठं आहे, हे एकानंही विचारलं नाही. माझी तक्रार हीच आहे.

2021 साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी एक विचारप्रयोग मांडला. पूर्व आफ्रिका आज खचदरीच्या रेषेवर फाटते आहे, वर्षाला काही मिलिमीटर. तो तुकडा सुटून सरकत राहिला, तर 20 कोटी वर्षांनी सोमालिया आणि मादागास्कर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन धडकतील आणि मोठी पर्वतरांग उठेल. तिचं नावही त्यांनी ठेवलं, ‘सोमालया’. म्हणजे उद्याच्या महाखंडाची एक शिवण आपल्या दारावरून जाते. आणि ती जाते कुठून? जिथून साधारण सहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स आपल्यापासून सुटलं, तिथूनच! एवढी गोष्ट अंगणात असताना आपण मुलांना हिमालयाची आकृती गिरवायला लावतो आणि वर्गाच्या खिडकीतला घाट दोन ओळींत उरकतो.

भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली 1863 साली. तेव्हापासून रुळांसकट, स्टेशनासकट आपण सगळे सुमारे 8 मीटर पुढं गेलो आहोत. फलाटावर मुलांना तेवढं अंतर चालायला लावा, भूपट्ट त्यांना परत शिकवावा लागणार नाही.

मी वर्ग घेऊन पळसदरीच्या वरच्या ओढ्यात जात असे. एका तपासणीत शेरेबुकात शेरा पडला, ‘अभ्यासक्रमाबाहेरील उपक्रम’. तो शेरा मला अजून सलतो. त्या ओढ्यात दोन काळ्या कातळांच्या मधे हातभर जाडीचा विटकरी पट्टा आहे. नखानं खरवडला तर भुगा होऊन बोटांना लागतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचा एक लोट थिजला, त्याच्या माथ्याची माती झाली, मग तिच्यावर दुसरा लोट आला. त्या मधल्या काळाची ती माती. गवंड्याकडून पाणसळ मागून आणली आणि मुलांनी पट्ट्याची दोन्ही टोकं मापली. जवळजवळ सपाट! पनवेलपलीकडे मुंबईच्या बाजूला हेच थर पश्चिमेकडे कलतात. किनारा समुद्राकडे वाकल्याची ती खूण, आणि आपल्याला ती सहलीच्या एका दिवसात दाखवता येते. हा अभ्यासक्रमाबाहेरचा उपक्रम?

सह्याद्रीचा कडा प्रस्तरभंगानं उभा राहिला की झिजत मागे हटला, यावर आपण दर संमेलनात भांडतो. माझ्यापुरता तो वाद माथेरानच्या पूर्वेकडच्या कड्यावर मिटला. खाली उल्हासचं खोरं, समोर ढाक आणि राजमाची. वाडीवरचा एक ठाकर मुलगा बराच वेळ समोरचे थर बघत होता. म्हणाला, ‘‘सर, हा डोंगर आणि तो डोंगर एकच होता. मधलं नदीनं नेलं.’’ इकडच्या आडव्या रेघा त्यानं हवेतच बोटानं तिकडच्या रेघांना जोडून दाखवल्या. कडा भंगातून उठला म्हणणाऱ्यांनी तिथं उभं राहून मला दाखवावं, तो भंग नेमका कुठून गेला.

त्या मुलाला ते कळलं, कारण दर पावसाळ्यात कड्यावरून धोंडे सुटताना त्यानं पाहिले होते. कडा मागे हटतो, म्हणजे तो कुणाच्या तरी घरावर येतो. 19 जुलै 2023च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर तो दरड होऊन आला. दरडप्रवण गावांच्या यादीत त्या वाडीचं नाव नव्हतं, हे नंतर सरकारनंच सांगितलं. यादी करणाऱ्यांना जाब विचारायलाच हवा. पण त्या वाडीच्या माथ्यावरचा इरशाळगड ज्यांच्या वर्गातून दिसतो, त्या आपण भूगोल शिक्षकांनी मुलांना घेऊन तो उतार कधी वाचला होता? महाखंडांची नावं आपल्याला तोंडपाठ होती. हे मला सहन होत नाही, आणि तुम्हालाही होऊ नये.

तेव्हा पुढच्या वर्षासाठी काही कामं. प्रत्येक शाळेनं जवळच्या ओढ्यातला एक छेद मोजून, काढून ठेवावा. त्यांची मिळून घाटाच्या थरांची एक पुस्तिका व्हावी. वाड्यांच्या वरच्या उतारांवर नव्या भेगा दिसल्या तर मृगाआधी तलाठ्यांकडे लेखी द्यावं आणि त्याची पोच घ्यावी. संपादन कोण करील, छपाईला पैसे कुठून येतील, हे कार्यकारिणी बसून ठरवील. पळसदरीचा ओढा दाखवायला मी केव्हाही तयार आहे. नावं जेवणाआधी द्या, म्हणजे तारीख आजच ठरेल.