पडण्यासाठी घेतलेली गाडी

जत्रेतला ‘मौत का कुआ’ एकदाही पाहिला नाही असा माणूस या मांडवात विरळाच असेल. फळ्यांची विहीर, कठड्याला रेलून दाटीने उभी माणसं, कुणीतरी पुढे धरलेली दहाची नोट आणि आत भिंतीला आडवी फिरणारी मोटारसायकल. नोट कशी अलगद उचलली, हे घरी आल्यावर रंगवून सांगितलं जातं. गाडी कोणती होती, हे सहसा कुणी सांगत नाही. ती बहुतेक वेळा जुनी, हलकी, टू-स्ट्रोक यामाहा असते. आरएक्स १०० किंवा तिच्याच घराण्यातली. इंजिन ९८ सीसीचं, ताकद अकरा अश्वशक्तीच्या आसपास. ज्यांचं पोट या फळ्यांवर आहे त्यांना वजन कमी हवं, यंत्र साधं हवं आणि सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळायला हवेत.

स्पोर्ट बाइकवर स्टंट शिकू पाहणारा विशीतला मुलगा नेमका उलटा विचार करतो. त्याच्या मोबाइलवर हजार सीसीच्या गाडीचं चित्र असतं. फेअरिंग चकचकीत, रंग ताजा. तिच्यावरच पुढचं चाक उचलायला शिकायचं, असा बेत असतो. ती पहिल्याच महिन्यात अनेकदा आडवी होणार आहे, ही बाब बेतात कुठेच धरलेली नसते.

कुस्तीच्या तालमीत पडण्याची बाब आधी धरलेली असते. हौद्यातली तांबडी माती ताक, तेल, हळद घालून मऊ करतात ती पडणाऱ्याच्या पाठीसाठी. डांबरात ताक ओतता येत नाही. म्हणून मोटारसायकलच्या खेळात तो मऊपणा गाडीत बसवावा लागतो, आणि त्याची सुरुवात गाडी निवडण्यापासून होते.

हा खेळ जिथे स्पोर्ट बाइकवर फोफावला, त्या अमेरिकेतलं उदाहरण बोलकं आहे. ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरातल्या ‘स्टारबॉइज’ या चमूच्या चित्रफिती तिथल्या पोरांनी पारायणं करून पाहिल्या. पुढे या मंडळींत एका गाडीचं नाव घट्ट रुजलं: होंडाची सीबीआर ६०० एफ४आय. २००१ ते २००६ या काळात बनलेली, ५९९ सीसीची, चार सिलिंडरची. ती काही त्या वेळची सर्वांत वेगवान सहाशे नव्हे. पण तिच्यात फ्युएल इंजेक्शन होतं. तिच्या आधीच्या एफ४मध्ये कार्बुरेटर होते. गाडी मागच्या चाकावर उभी राहिली की कार्बुरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलची पातळी सरकते आणि इंजिन अडखळतं. इंजेक्शनची गाडी उभ्यानेही तालात चालते. शिवाय एफ४आयवर बसण्याची ढब पूर्ण रेसिंग गाड्यांपेक्षा उभट, आणि खप मोठा असल्याने जुने भाग मुबलक. तिची प्रतिस्पर्धी म्हणजे कावासाकीची झेडएक्स-६आर, पुढे ६३६ सीसीची झालेली. वाढीव ३७ सीसीमुळे मधल्या फेऱ्यांत मिळणारा जोर स्टंटवाल्यांना भावला.

यातही हुशार पोरं शोरूमची पायरी चढत नाहीत. अपघातात फेअरिंग फुटलेली, दुरुस्ती परवडत नाही म्हणून विमा कंपनीने निकालात काढलेली, पण इंजिन आणि चासी शाबूत असलेली गाडी ते शोधतात. पहिला ओरखडा दुसऱ्या कुणीतरी आधीच पाडून ठेवलेला असतो. नव्या गाडीवर पडण्याच्या भीतीने जो हात आखडतो, तो अशा गाडीवर आखडत नाही.

मात्र शिकायला सहाशे सीसी लागतातच असंही नाही. स्लोव्हेनियाचा रोक बागोरोश स्कूटरवर हात बसवून पुढे आला आणि केटीएमच्या १२५ ड्यूकवर त्याने जगभर प्रयोग केले. या मालिकेतल्या छोट्या ड्यूक बजाजच्या चाकण कारखान्यात बनतात, म्हणजे मराठी श्रोत्याच्या अगदी अंगणातली ही गोष्ट. २०० ड्यूक भारतात जानेवारी २०१२मध्ये आली. त्याच चाकणची पल्सर आणि टीव्हीएसची अपाची यांच्यावर भारतातल्या स्टंटवाल्यांची पिढी घडली. लहान इंजिनाचा एक मोठा फायदा आहे. मोठी गाडी नुसती रेस पिळली तरी पुढून उठते, आणि नवशिक्याला वाटतं आपल्याला जमलं. लहान गाडी तशी उठत नाही. तिथे रेस किती, क्लच कधी सोडायचा, अंग किती मागे न्यायचं, हे सगळं शिकावंच लागतं.

जुनी गाडी घेताना रंगाकडे शेवटी पाहायचं. आधी इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून ऐकायचं. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं. हँडलची मान जिथे चासीला मिळते तिथे रंगाखाली तडा आहे का, ते बॅटरी लावून बघायचं. फोर्कच्या नळ्यांवर तेलाची ओल दिसली तर ऑइल सील गेलेलं असतं. ते काम फार महाग नाही, पण भाव पाडायला उपयोगी. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळवायचे, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते पाहायचं. एवढं झालं की मगच मोलभाव.

गाडी घरी आली की पहिलं काम फेअरिंग उतरवून माळ्यावर टाकणं. पहिला खर्च क्रॅश केजचा. फ्रेम स्लायडर म्हणून मिळणारे नायलॉनचे गट्टू उभ्या उभ्या कलंडलेल्या गाडीला पुरतात. पण एका बोल्टवर सगळा भार आला आणि गट्टू डांबरात अडकला, तर धक्का थेट इंजिनाच्या आधारावर जातो. केज लोखंडी नळ्यांचा असतो, अनेक ठिकाणी बांधलेला, त्यामुळे मार वाटला जातो. मागच्या टोकाला ‘ट्वेल्व ओ’क्लॉक बार’ येतो. गाडी घड्याळाच्या बाराच्या काट्यासारखी उभी झाली की हाच बार जमिनीला टेकतो आणि तिला पूर्ण पाठीवर जाण्यापासून रोखतो. प्रेक्षक ज्याला टाळ्या देतात त्या ठिणग्या या बारच्याच.

लिव्हरची युक्ती फुकटातली आहे. क्लॅम्पचे बोल्ट गच्च आवळायचे नाहीत. गाडी पडली की लिव्हर फिरतो, तुटत नाही. तरी खिशात जास्तीचा क्लच लिव्हर हवाच.

सरावाची खरी दोरी मात्र मागच्या ब्रेकच्या हाती असते. पुढचं चाक हवेत असताना तोल मागे गेला, तर मागचा ब्रेक दाबताच गाडीचं तोंड खाली येतं. उजवा पाय त्या पॅडलवर नसेल तर चाक उचलायचंच नाही, हा जाणत्यांचा पहिला दंडक. पुढे डाव्या हाताशी मागच्या चाकाचा वेगळा हँडब्रेक बसवतात, कारण सीटवर उभं राहिल्यावर पाय पॅडलपर्यंत पोचत नाही. नवशिक्याने त्याची घाई करू नये.

मग येतो चेन-स्प्रॉकेटचा हिशेब. एफ४आयच्या मागच्या स्प्रॉकेटला मूळचे ४६ दात; स्टंटवाले तिथे ६० दातांचं लावतात. इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांना गाडीचा वेग जवळपास चौथ्या हिश्शाने उतरतो आणि चाकावरचा जोर तीस टक्क्यांनी वाढतो. चाक कमी वेगात उठतं, म्हणजे पडणंही कमी वेगात होतं. मागच्या टायरची हवा कंपनीने सांगितलेल्या ४२ पीएसआयवरून पंधराच्या आसपास आणतात. टायर पसरतो, बूड रुंद होतं, तोल सापडतो. हीच हवा ठेवून महामार्गावर गेलं तर मात्र टायर तापून घात करतो.

इंजिनाचा शत्रू वेगळाच आहे. गाडी मागच्या चाकावर असताना खालच्या पेटीतलं तेल मागे सरकतं, पंपाचं तोंड कोरडं पडू शकतं. म्हणून तेलाची पातळी सराव सुरू करण्याआधी दर वेळी पाहायची. काहीजण ती किंचित चढी ठेवतात. शिवाय चालण्याच्या वेगात तासभर घुमणाऱ्या इंजिनाला वारा लागत नाही. रेडिएटरच्या पंख्याला वेगळं बटण बसवणं ही चैन म्हणता येणार नाही.

स्वाराच्या अंगावर काय? आयएसआय खूण असलेलं, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, हातमोजे, गुडघ्या-कोपराचे पॅड, पाठीचं कवच आणि घोटा झाकणारे बूट. ख्रिस फायफर हा जर्मन स्टंटपटू चार वेळा जगज्जेता झाला, पण त्याआधी वर्षानुवर्षं ट्रायल्समध्ये, म्हणजे दगडधोंड्यांवरून मंद गतीने तोल सांभाळण्याच्या खेळात, तो मुरला होता. हेल्मेटच्या आत इतकी साधना असेल तेव्हा जी सहजता दिसते, ती बाजारातल्या कुठल्याच जॅकेटमध्ये मिळत नाही.

कायद्याचं पान उलटायला कुणाला आवडत नाही, पण ते उलटलं पाहिजे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. गाडीत बेकायदा फेरफार केला तर मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती सापडली तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. आता वर सांगितलेला केज, हँडब्रेक, स्प्रॉकेट, फेअरिंग काढलेलं तोंड यांची बेरीज करून पाहावी. १२५ सीसीवरच्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे, आणि पुढच्या चाकावर गाडी उभी करणाऱ्या स्टॉपीच्या आड तेच येतं. तेव्हा स्टंटची गाडी रस्त्यावरची गाडी राहतच नाही. ती ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्या लहान टेम्पोत दोराने बांधून, मालकाची परवानगी असलेल्या बंद आवारात किंवा मैदानावर न्यायची आणि तशीच परत आणायची.

सरावाच्या दिवशी ती पडतेच. पडल्यावर सर्वांत आधी किल स्विच, कारण आडव्या पडलेल्या इंजिनाला तेल मिळत नाही. मग ती उभी करून स्टँडवर लावायची, तेल खाली उतरू द्यायचं. तेवढ्या वेळात एक मुलगा पाना घेऊन केजचे बोल्ट तपासतो, दुसरा क्लच लिव्हर फिरवून जागेवर आणतो. तिसरा चेनला बोट लावतो, ती सैल लागते. छोट्या हत्तीचा चालक हौद्यात बसून चहा पीत हे सगळं पाहत असतो. आज परतीला उशीर होणार, हे त्याच्या लक्षात आलेलं असतं.